लिफ्टच्या बटणाचा चटका: दोष मूत्रपिंडाचा की हिवाळ्याचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरात पुण्याहून बीजिंगला राहायला गेलात. घरातलं हीटिंग सुरू झाल्यापासून दाराची मूठ, नळ, लिफ्टचं बटण, जिथे हात लावाल तिथे चटका बसतो. मुलाच्या गालाला हात लावला तर तो "आई, चावतेस!" म्हणून मागे सरकला. केस कंगव्यामागे उभे राहतात, रात्री नडग्या खाजतात. तिथल्या मसाजवाल्या बाईंनी निदान केलं: मूत्रपिंडाचं यिन, म्हणजे अंगाला ओलावा आणि गारवा देणारी बाजू, कमी झालंय, म्हणून अंगात वीज साठते, दहा वेळा सुया टोचून ती काढून टाकावी लागेल. हे खरं का, आणि 'छी', म्हणजे चिनी वैद्यकातली प्राणशक्ती, ती वीजच का, हे तुम्हाला हवंय.

दहा वेळांचे पैसे देऊ नका. अंगातली ही वीज म्हणजे साधी स्थिर वीज, ती काढायला सुई लागत नाही. ती तुम्ही नळाला हात लावता तेव्हा फुकटात निघून जाते, आणि चार पावलं चाललात की परत येते. पण त्या बाई अगदीच हवेत बोलल्या असंही नाही. त्यांनी धरलेलं टोक खरं आहे, फक्त ते भलत्याच दोऱ्याला बांधलंय. ते सोडवून सांगतो.

मी बीजिंगमध्ये तीन हिवाळे काढले, शिकत असताना. आता पुण्यात सुया टोचायला लागून वीसेक वर्षं झाली. चटक्यांची तक्रार घेऊन कुणी आलं तर मी नाडी नंतर बघतो, आधी पायातले बूट बघतो. रबरी किंवा फोमचे जाड तळवे, आत नायलॉनचे मोजे, अंगात पॉलिस्टर फ्लीसचं जॅकेट आणि त्याखाली लोकरीचा स्वेटर, एवढं जमलं की माणूस कितीही निरोगी असो, त्याच्या बोटातून ठिणगी उडणारच. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून सुटे होतात तेव्हा एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. तळवा जमिनीला टेकतो, उचलला जातो, पुन्हा टेकतो, आणि दर पावलागणिक अंगावर थोडा थोडा विजेचा भार चढत जातो. शरीर आतून खारट पाण्याचंच असल्यामुळे ते उत्तम वाहक आहे. भार अंगभर पसरतो आणि बाहेर पडायची वाट बघतो. रबरी तळवा ती वाट अडवतो.

आकडे ऐकून घाबरू नका. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतही नाही. कोरड्या खोलीत गालिच्यावरून चाललं तर १०,००० व्होल्ट सहज होतात. घरातल्या प्लगमध्ये फक्त २३० असतात आणि त्याने जीव जातो, मग हे कसं? भार इतका नगण्य असतो म्हणून. अंगाची वीज धरायची क्षमता १०० पिकोफॅरडच्या आसपास धरली तर १०,००० व्होल्टला ऊर्जा होते ५ मिलिज्यूल. ५० ग्रॅमचं लिंबू एक सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. ती एका निमिषात, बोटाच्या एका टिंबाएवढ्या जागेतून निघते, म्हणून टोचते. मुलाला त्याने काही होत नाही, गाल दुखतो आणि आईचा राग येतो एवढंच.

आता हे पुण्यात का होत नव्हतं? तिथेही होतं, जानेवारीच्या रात्री अंधारात स्वेटर काढताना तडतड ऐकली असेल, ठिणग्याही दिसल्या असतील. नागपूरकरांना तर हे सांगायलाच नको. पण बीजिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे सरकारी हीटिंग १५ नोव्हेंबरला सुरू होतं आणि १५ मार्चला बंद. बाहेरची हवा उणे पाच अंशांची, आर्द्रता ५० टक्के, अशी धरा. ही हवा खिडकीच्या फटीतून आत आली आणि बावीस अंशांना तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. पाणी तेवढंच राहतं, हवेची तहान मात्र वाढते. स्वयंपाक, अंघोळ, आपला श्वास यांनी थोडी भर पडते म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वर असतो. अशा खोलीत भिंत, लाकूड, कपडे, कातडी, कशावरही ओलाव्याचा पातळ थर उरत नाही. एरवी भार याच थरावरून गुपचूप निसटतो. तो थर गेला की भार बसून राहतो. आणि तो थर गेला की नडग्याही खाजतात. चटका आणि खाज ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत, चटक्यामुळे खाज नाही आणि खाजेमुळे चटका नाही.

एक प्रसंग सांगतो. मी जिथे शिकत होतो त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जानेवारीत रांग लागलेली असायची. आम्ही विद्यार्थी पॉलिस्टरचे पांढरे कोट घालून एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे पळायचो. एका आजींच्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातल्या 'हगू' बिंदूवर, गुरुजींनी सुई लावून ठेवली होती. मला सांगितलं, जरा फिरव. मी सुईच्या तारेच्या मुठीकडे बोट नेलं आणि ते टेकायच्या आधीच टच्च आवाज झाला. आजी ओरडल्या, "आलं, आलं!" चिनी सुईवाला ज्याची वाट बघतो ती 'दछी', म्हणजे सुई लागल्यावर येणारी झिणझिण, जडपणा, आंबट ठणका, ती आली असं त्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं आणि छाती फुगली. गुरुजी मान वर न करता म्हणाले, "ती छी नाही, तुझा कोट आहे." ते स्वतः प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी रेडिएटरच्या नळीला बोटांची पाठ टेकवायचे. मला तोवर वाटत होतं की ते हात गरम करतात.

तर छी म्हणजे वीज का? नाही. आणि हे मी भौतिकशास्त्राच्या बाजूने नाही, चिनी वैद्यकाच्याच बाजूने सांगतोय. 'ह्वांगदी नेइजिंग' या मूळ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, 'लिंगशू'मध्ये, छी कशाला म्हणायचं याची एक व्याख्या आहे. अन्नाचा सार वरच्या भागातून पसरतो, कातडीला ऊब देतो, शरीर भरतो, लव तुकतुकीत ठेवतो, धुकं आणि दव शिंपल्यासारखा. याला छी म्हणतात. धुकं आणि दव! म्हणजे ठिणगीच्या अगदी उलट. जुन्या लिपीत छीच्या अक्षरात वाफ आणि खाली तांदूळ आहे. विजेचं जुनं चिनी अक्षरही गमतीचं आहे. 'द्येन' या अक्षराच्या डोक्यावर पाऊस असतो, कारण ते मूळचं आकाशातल्या विजेचं. स्थिर विजेला आज तिथे 'जिंगद्येन' म्हणतात, शांत वीज. पाऊस डोक्यावर घेतलेलं अक्षर आणि ती येते मात्र पाण्याचा टिपूस नसताना.

छी म्हणजे 'जैविक वीज' हे समीकरण अलीकडचं आहे, आणि सुईला वीज जोडायची कल्पनाही चीनमधली जुनी परंपरा नव्हे. १८२५ साली पॅरिसमध्ये सार्लांदिएर नावाच्या डॉक्टरांनी सुयांमधून वीज सोडण्याविषयी लिहिलं होतं. चीनमध्ये तिचा खरा प्रसार विसाव्या शतकात झाला. आज मीही यंत्राची वीज सुयांना जोडतो, गुडघ्याला, कंबरेला. पण ती बाहेरून आत दिलेली, मोजून मापून, मज्जातंतू चेतवण्यासाठी. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांनी कमी आणि जास्त वारंवारतेला शरीर कुठली वेदनाशामक द्रव्यं सोडतं यावर आयुष्यभर काम केलं. अंगातली वीज शोषून घेणं हा त्यातला भाग नव्हेच. पेसमेकर असलेल्यांना तर ही यंत्राची वीज मी देत नाही.

मग जुन्या चिनी लोकांना अंगावरची ठिणगी माहीत नव्हती का? छान माहीत होती. तिसऱ्या शतकातल्या चांग ह्वा यांनी 'बोवूझी' या ग्रंथात लिहून ठेवलंय की केस विंचरताना आणि कपडे काढताना कधी उजेड दिसतो आणि कडकड आवाज येतो. नवव्या शतकातल्या, तांग राजवटीच्या काळातल्या द्वान छंगशी यांनी काळ्या मांजराच्या अंगावर अंधारात उलटा हात फिरवला तर ठिणग्या दिसतात असं नोंदवलंय. (घरी मांजर असेल तर करून बघू नका, मांजराला ते पसंत नसतं.) यांनी ती एक नवलाची गोष्ट म्हणून टिपली, रोग म्हणून नाही.

औषधांच्या दुकानात मात्र स्थिर वीज शिरली, आणि ती मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. तृणमणी म्हणजे झाडाच्या डिंकाचा जीवाश्म. चिनीत 'हूपो'. मन स्थिर करायला त्याची पूड देतात. पहिल्या शतकात वांग छुंग यांनी लिहिलं होतं की हा पदार्थ गवताचे कण उचलतो आणि लोहचुंबक सुई ओढतो. पुढे पाचव्या-सहाव्या शतकातले ताओ होंगजिंग, मोठे औषधशास्त्री, यांच्यापुढे प्रश्न आला बनावट मालाचा. लोक नासक्या अंड्यापासून खोटा तृणमणी बनवून विकत. त्यांनी कसोटी दिली: काडी उचलतो का बघा. घासायचा आणि काडीजवळ न्यायचा, बस. आपला 'तृणमणी' हा शब्दही तेच सांगतो, तृण ओढणारा मणी. ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत, त्यावरून पुढे सगळ्या विजेलाच नाव पडलं. म्हणजे चिनी वैद्यकात स्थिर विजेची जागा रोगाच्या यादीत नव्हती, भेसळ पकडायच्या परीक्षेत होती. आज ती परीक्षा कुचकामी आहे, प्लास्टिकचा मणी तिच्यात पहिला नंबर काढेल.

आता त्या बाईंच्या हाती लागलेलं खरं टोक. चिनी वैद्यकात बाहेरून येणारी सहा कारणं मानतात: वारा, थंडी, उन्हाळ्याची धग, दमटपणा, कोरडेपणा, आग. यातला कोरडेपणा म्हणजे 'त्साओ'. नेइजिंग एका ओळीत सांगून मोकळं होतं, कोरडेपणा वरचढ झाला की सुकतं. पण त्याच ग्रंथात रोगांच्या मुळांची एकोणीस सूत्रांची प्रसिद्ध यादी आहे, आणि तिच्यात कोरडेपणाला एकही ओळ नाही. ती भर घातली बाराव्या शतकातल्या ल्यू वान्सू यांनी: जे रुक्ष, वाळलेलं, आटलेलं, आखडलेलं, भेगा पडून सोलवटलेलं, ते सगळं कोरडेपणाचं. हे गृहस्थ हज्यानचे, म्हणजे बीजिंगच्या दक्षिणेकडच्या त्याच कोरड्या मैदानातले. तुमच्या नडग्यांकडे बघूनच ओळ लिहिली असावी असं वाटतं. पुढे सतराव्या शतकात यू चांग यांनी तर मूळ ग्रंथालाच हात घातला. 'शरद ऋतूत दमटपणा बाधतो' असं नेइजिंगमध्ये आहे, ते चुकलंय, तिथे 'कोरडेपणा' हवा, असं त्यांनी ठामपणे मांडलं आणि फुप्फुसाचा कोरडेपणा काढणारा एक काढा दिला. त्यात तुतीची पानं, जर्दाळूच्या बिया, जेष्ठमध आणि चक्क भाजलेले तीळ आहेत. संक्रांतीला तीळ खाणाऱ्यांना हे वाचून बरं वाटतं.

कोरडेपणाचा पहिला मार फुप्फुसावर पडतो असं मानतात, आणि कातडी व लव ही फुप्फुसाच्या ताब्यात. ते दव शिंपण्याचं काम फुप्फुसाचं. म्हणून कातडी खरखरीत होणं, ओठ फुटणं, नाक आतून खरवडणं, घशात कोरडी ढास, हे सगळं चिनी वैद्य एका सुरात वाचतो. इथवर कुणाचाच वाद नाही. मूत्रपिंड कुठून आलं? नेइजिंगमध्ये 'मूत्रपिंडाला कोरडेपणा आवडत नाही' असंही वाक्य आहे. कोरडेपणा फार काळ राहिला तर तो खोलवर, मूत्रपिंडाच्या यिनपर्यंत पोचतो, असा हिशोब. बाईंनी ती पायरी एकदम उडी मारून गाठली. यिन कमी म्हणायला मला आणखी काही दिसावं लागतं: रात्री घाम, तळहात-तळपाय तापणं, कानात आवाज, कंबर दुखणं, जीभ लालबुंद आणि तिच्यावर थर जवळजवळ नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही. दोन महिन्यांच्या कोरड्या हवेला मूत्रपिंडाचा विकार म्हणणं म्हणजे रस्त्यात चप्पल तुटली म्हणून पाय दाखवायला जाणं.

करायचं काय ते क्रमाने लिहीत नाही, जे आधी करावंसं वाटतं ते आधी.

दोन-तीनशे रुपयांत येतो तसा एक आर्द्रतामापक घ्या, तिथेही स्वस्त मिळतो, आणि ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावून खोलीची आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्याचं पाणी रोज बदला. साठच्या वर नेऊ नका. भिंतीला बुरशी येते, आणि मग चिनी वैद्य तुम्हाला दमटपणाचं निदान देईल. रेडिएटरवर ओलं फडकं हा गरिबांचा ह्युमिडिफायर, मी तीनही हिवाळे त्यावरच काढले. आतला कपडा सुती ठेवा. घरात रबरी स्लिपर नको, सुती मोजे किंवा कापडी तळव्याची चप्पल चालेल. मुलाला उचलण्याआधी भिंतीला किंवा लाकडी दाराला हाताचा पंजा टेकवा, भार सावकाश निघतो. लिफ्टच्या बटणाआधी किल्ली मुठीत घट्ट धरून तिचं टोक धातूला लावा. ठिणगी किल्लीच्या टोकाला उडते, बोटाला कळतही नाही. तिथे चटके घालवणारी किचेन विकतात, ती खुशाल घ्या, ती किल्लीच्याच तत्त्वावर चालतात. पेट्रोल भरताना मात्र गंमत नको. उतरलात की गाडीच्या पत्र्याला हात लावा आणि भरून होईपर्यंत परत आत बसू नका.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटांत उरका. हीटिंगच्या घरात कडकडीत पाण्याखाली अर्धा तास उभं राहायचा मोह होतो, आणि नडग्यांचं उरलंसुरलं तेल त्यात वाहून जातं. अंग टिपून ओलसर असतानाच जाडसर क्रीम किंवा तिळाचं तेल लावा. दिवाळीचं अभ्यंग एक दिवसाचं असतं, तुम्हाला ते मार्चपर्यंत चालू ठेवायचंय. तेलाने फरशी निसरडी होते, तेवढं बघा.

खाण्यात तिथली साधी वस्तू म्हणजे खडीसाखर घालून वाफवलेली नासपती. डोक्याकडचा तुकडा झाकणासारखा कापायचा, गाभा कोरायचा, दोन-चार खडे टाकायचे, झाकण लावून वाटीत ठेवून अर्धा तास वाफवायचं. वाटीत जो रस उतरतो तो आधी प्यायचा. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा. पांढरं अळंबं आणि लिलीच्या कांद्याच्या पाकळ्या यांची खीरही करतात. अळंबं दोन तास भिजवा, रात्रभर बाहेर भिजत ठेवू नका. फार वेळ भिजवलेल्या अळंब्यात एक जीवाणू विष तयार करतो, ते उकळूनही जात नाही, चीनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. याने चटके कमी होतील असं मी म्हणत नाही. घसा बरा वाटेल.

औषधाच्या दुकानातून मायडोंग, शतावरीच्या जातीची मुळं, असली ओलावा आणणारी औषधं स्वतःहून आणू नका. ती चिकट, जड असतात. भूक मंद असेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. सुया टोचून घ्यायच्याच असतील तर खाजेसाठी घ्या. कोपराजवळचा छूची, गुडघ्याच्या वरचा श्वेहाय, घोट्याच्या वरचा सान्यिनज्याओ हे बिंदू आम्ही वापरतो. चार वेळांत फरक नसेल तर थांबा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. स्थिर विजेचा चटका कशाला तरी हात लावतानाच बसतो. कशालाही न शिवता हातापायांत मुंग्या येत असतील, पाय जळजळत असतील, मान खाली घातल्यावर पाठीतून विजेची लहर जात असेल, तर तो हिवाळा नव्हे. रक्तातली साखर आणि बी १२ तपासा, आपल्या शाकाहारी घरांत बी १२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि मानेच्या लहरीसाठी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. कातडीसोबत डोळे आणि तोंडही सतत कोरडं पडत असेल, किंवा थकवा आणि वजन वाढत असेल, तर सुईवाल्याकडे नाही, फिजिशियनकडे जा. थायरॉईड बघायला मला नाडी पुरत नाही.

१५ मार्चला हीटिंग बंद होईल. एप्रिलमध्येही नडग्यांची खाज टिकली तर मला पुन्हा लिहा आणि जिभेचा फोटो पाठवा, खिडकीच्या उजेडात काढलेला, चहा-कॉफी घ्यायच्या आधी, आणि जीभ ब्रशने घासू नका त्या दिवशी.